मराठी साईटसाठी पहिलं होस्टिंग: होस्टिंगरचा मुंबईवाला स्वस्त प्लॅन वापरून काय वाटलं

होस्टिंग म्हणजे साईट ठेवायची भाड्याची जागा आणि डोमेन म्हणजे साईटचा पत्ता, एवढं धरून आधी निकाल सांगते. नवीन माणसाला, छोटी वर्डप्रेस साईट (वर्डप्रेस म्हणजे साईट बनवायचं फुकट सॉफ्टवेअर), वाचक बहुतेक महाराष्ट्रातले, एवढंच असेल तर होस्टिंगर या कंपनीचा साधा शेअर्ड प्लॅन, म्हणजे एकाच सर्व्हरवर अनेकांच्या साईट, घ्यायला काहीच हरकत नाही, मी मोडी लिपीच्या वर्गाच्या साईटसाठी घेतलाय आणि मी समाधानी आहे. पण डोमेन त्यांच्याकडून घेतलेलं नाही, ते वेगळ्या ठिकाणी आणि वर्ग घेणाऱ्या सरांच्या स्वतःच्या नावावर आहे, आणि माझ्या मते कंपनी कुठली घेतली यापेक्षा ही गोष्ट दहापट महत्त्वाची आहे. होस्टिंग आज इथे उद्या तिथे हलवता येतं हो, एका संध्याकाळचं काम आहे. डोमेन दुसऱ्याच्या हातात गेलं की बसा बोंबलत.

हे एवढं ठासून लिहितेय त्याला कारण आहे. वर्गाची आधी एक साईट होती, कोणीतरी ओळखीच्या डिझायनरकडून करून घेतलेली. त्याने डोमेन स्वतःच्या अकाउंटमधून, स्वतःच्या ईमेलवर रजिस्टर केलेलं, सरांकडे ना पासवर्ड ना बिल, आणि मग तो माणूस फोन उचलेना. डोमेनची मुदत संपायला आली, रिन्यूअलचे सगळे मेल जात होते त्याच्याच इनबॉक्सला. डॉट कॉमचं असं असतं की मुदत संपल्यावर थोडे दिवस नेहमीच्या पैशात वाचवता येतं, मग ३० दिवसांचा रिडेम्प्शनचा काळ येतो ज्यात जबरी दंड भरून सोडवावं लागतं, आणि त्यानंतर ते बाजारात मोकळं, कोणीही उचलावं. आणि मोकळं होण्याआधी वाचवणं-सोडवणं ज्याच्या अकाउंटमध्ये डोमेन आहे त्यालाच करता येतं. जुन्या विद्यार्थ्यांनी पाठ केलेला पत्ता होता तो. गेला.

तर नवीन साईट करताना पहिल्यांदा डोमेन घेतलं, डॉट इन, सरांचा ईमेल, सरांचा मोबाईल नंबर, सरांचं कार्ड. मग होस्टिंग बघायला बसले.

आता होस्टिंग बघायला बसलं की काय होतं, तुम्ही गुगलवर बेस्ट होस्टिंग टाकता आणि टॉप टेनच्या याद्या येतात, त्यातल्या बऱ्याच याद्या लिहिणाऱ्याला तुमच्या प्रत्येक खरेदीमागे कमिशन मिळतं, त्यामुळे पहिला नंबर कोणाचा यावर फार जाऊ नका. दुसरं म्हणजे नावं वेगळी दिसली तरी मालक एकच असू शकतो. ब्लूहोस्ट आणि होस्टगेटर दोन्ही न्यूफोल्ड डिजिटलचे ब्रँड. आपल्या मुंबईच्या डिरेक्टीने सुरू केलेलं बिगरॉक, तेही २०१४ मध्ये एन्ड्युरन्सकडे गेलं आणि त्या एन्ड्युरन्समधूनच २०२१ मध्ये न्यूफोल्ड झालं. म्हणून काही त्या कंपन्या वाईट ठरत नाहीत, पण एकाला कंटाळून दुसरीकडे गेलात आणि मालक तोच, एवढं माहीत असलेलं बरं. नाशिकची माइल्सवेब पण माझ्या यादीत होती आणि आपल्याकडची म्हणून मनापासून घ्यावीशी वाटत होती, शेवटी पॅनल, म्हणजे साईट सांभाळायचं कंट्रोलचं पान, बघून होस्टिंगर घेतलं.

पॅनलबद्दल सांगते. बहुतेक कंपन्या सीपॅनल देतात, होस्टिंगरचं स्वतःचं एचपॅनल आहे. सीपॅनल वाईट नाही, पण पहिल्यांदा उघडलं की इतके आयकॉन अंगावर येतात की कुठे हात लावावा कळत नाही. एचपॅनलमध्ये डावीकडे मोजकी यादी, वर्डप्रेस टाकायला चार प्रश्न, त्यातला एक सर्व्हर कुठे हवा. तिथे भारत निवडा! पुण्यात बसून अमेरिकेतला सर्व्हर उघडायचा तर प्रत्येक विनंतीला जाऊन येऊन दोनशे मिलिसेकंदाच्या वर जातात, मुंबईला त्याच्या कितीतरी कमी, आणि एका पानामागे अशा बऱ्याच फेऱ्या होतात. नंतर बदलता येतं पण उगाच डोकेदुखी.

एसएसएल, म्हणजे साईट आणि वाचक यांच्यातली माहिती सुरक्षित ठेवणारं सर्टिफिकेट, फुकट मिळालं आणि आपोआप लागलं. याचे वेगळे पैसे कोणी मागत असेल तर साध्या साईटला देऊ नका. लेट्स एन्क्रिप्ट २०१६ पासून सगळ्यांसाठी फुकट सर्टिफिकेट देतंय, ९० दिवसांचं असतं आणि पॅनल स्वतःच नवीन करत राहतं. एसएसएल नसेल तर क्रोम २०१८ पासून पत्त्याशेजारी 'नॉट सिक्युअर' दाखवतो आणि मग फॉर्ममध्ये फोन नंबर भरायला कोण धजावणार.

आता पैसे. इथे बऱ्याच कंपन्यांचा खेळ एक आहे, होस्टिंगरचाही तोच. मोठ्या अक्षरात महिन्याचा भाव असतो तो बऱ्याच महिन्यांचे, होस्टिंगरकडे ४८ महिन्यांचे, एकदम भरले तरचा भाव. समजा १४९ रुपये महिना लिहिलंय, तर ४८ महिन्यांचे झाले ७,१५२, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे साधारण ८,४४० रुपये एकदम कार्डावरून जाणार. आणि ते संपल्यावर रिन्यूअलचा भाव लागतो जो दुप्पट-तिप्पट असू शकतो. कार्टमध्ये तो बारीक अक्षरात लिहिलेला असतो, शोधा, कागदावर लिहून ठेवा, आणि दोन कंपन्यांची तुलना करताना त्या आकड्यांची करा, पहिल्या आकड्याची नको. मी मधला रस्ता घेतला, एक वर्ष घेतलं नाही कारण लगेच रिन्यूअलचा भाव लागतो, चार वर्षं घेतली नाहीत कारण वर्ग चार वर्षं याच स्वरूपात चालेल की नाही कोणाला ठाऊक. दोन वर्षांचं घेतलं. ३० दिवसांत पैसे परत मिळतात, पण सोबत फुकट डोमेन घेतलं असेल तर त्याचे पैसे परत येत नाहीत, आणि नव्याने रजिस्टर केलेलं डॉट कॉम ६० दिवस दुसरीकडे हलवताही येत नाही. फुकट डोमेनचा मोह आवरा, हे म्हणते ते त्यासाठीच.

कार्टमध्ये जास्तीच्या गोष्टींच्या खुणा आधीच केलेल्या नाहीत ना ते कुठल्याही कंपनीकडे बघाच, रोजचा बॅकअप, एसईओचं काहीतरी, मेलबॉक्स. पहिल्या वर्षी यातलं काही विकत घ्यावं लागत नाही.

बॅकअपचं जरा नीट ऐका. खालच्या प्लॅनवर होस्टिंगर आठवड्याला बॅकअप घेतं, रोजचा हवा तर वरचा प्लॅन. आमच्या साईटला आठवड्याचा पुरतो, पण मी अपड्राफ्टप्लस हे वर्डप्रेसमधलं बॅकअपचं प्लगिन (जोडीला टाकायचं छोटं सॉफ्टवेअर) टाकून साईटची एक प्रत गुगल ड्राइव्हला पाठवते. होस्टिंगवाल्याचा बॅकअप होस्टिंगवाल्याच्याच घरात, हे चालत नाही. १० मार्च २०२१ ला फ्रान्समध्ये स्ट्रासबुर्गला ओव्हीएच या युरोपातल्या मोठ्या कंपनीचं एक अख्खं डेटासेंटर जळालं, आणि ज्यांचा बॅकअपही त्याच आवारात होता त्यांचं दोन्ही गेलं. कंपनी लहान नव्हती, नवखी नव्हती. सरांनी स्कॅन करून दिलेली जुनी मोडी पत्रं आमच्या साईटवर आहेत, ती पुन्हा कुठून आणणार मी?

त्या स्कॅनवरून आठवलं, लोक जागा किती जीबी ते बघत बसतात. छोट्या साईटला जागा सहसा कमी पडत नाही. स्कॅनरमधून आलेलं एक पान आठ-दहा एमबीचं असतं, तसंच चढवलं तर जागेला काही होत नाही पण मोबाईलवर उघडणाऱ्याचा जीव जातो. वेबपी या हलक्या फॉरमॅटमध्ये करून, रुंदी कमी करून चढवा. आणि अनलिमिटेड शब्दावर भाळू नका, शेअर्ड होस्टिंग म्हणजे चाळीतला सामाईक नळ आहे, प्रोसेसर आणि मेमरीला मर्यादा असतेच, फाईलींच्या संख्येलाही असते, फक्त ती जाहिरातीत नसते. ९९.९ टक्के अपटाइमचंही (साईट चालू राहण्याच्या वेळेचं) तसंच, ऐकायला भारी, पण हिशोब केला तर महिन्याला ४३ मिनिटं साईट बंद राहिली तरी वचन पाळलं गेलं. आपल्या साईटला चालतं ते.

आता मराठीवाल्यांसाठी खास दोन गोष्टी, ज्या इंग्रजी रिव्ह्यूत मला कुठेच दिसल्या नाहीत.

एक, डेटाबेस, म्हणजे साईटचा मजकूर जिथे साठतो तो. जुनी साईट हलवताना सगळी मराठी पानं प्रश्नचिन्हं होऊन येतात किंवा à¤ असली चिन्हं दिसतात, आणि माणसाला वाटतं संपलं सगळं. संपलेलं नसतं बहुतेकदा. डेटाबेसचं कॅरॅक्टर सेट, म्हणजे अक्षरं साठवायची पद्धत, युटीएफ८एमबी४ (utf8mb4) आहे का ते पीएचपीमायअ‍ॅडमिनमध्ये, म्हणजे पॅनलमधल्या डेटाबेस उघडायच्या साधनात, बघायचं. वर्डप्रेस २०१५ पासून हेच वापरतं, पण त्याआधीच्या साईटचा डेटाबेस लॅटिन१ या जुन्या पद्धतीत असू शकतो. à¤ सारखं दिसत असेल तर अक्षरं शाबूत असतात, फक्त वाचायची पद्धत चुकलेली असते. थेट प्रश्नचिन्हंच साठवली गेली असतील तर मात्र मूळ बॅकअपवरून परत आयात करायची, म्हणून जुनं होस्टिंग लगेच बंद करू नका. यात मी अडकले तेव्हा होस्टिंगरच्या चॅटवर विचारलं, आधी बॉट येतो, माणूस पाहिजे लिहिलं की माणूस येतो, आणि त्या माणसाने नेमकं कुठे बघायचं ते सांगितलं. फोन नाही, चॅटच आहे, ज्यांना बोलूनच समजतं त्यांनी हे लक्षात घ्या.

दोन, पानांचे पत्ते. मराठी शीर्षक दिलं की वर्डप्रेस पत्ताही मराठीत करतो, ब्राउझरमध्ये छान दिसतो, पण व्हॉट्सअ‍ॅपवर कॉपी करून पाठवला की टक्क्यांच्या चिन्हांची लांबलचक शेपटी. देवनागरीचं प्रत्येक अक्षर आणि प्रत्येक मात्रा तिथे नऊ चिन्हांची होते, आणि वर्डप्रेसमध्ये पत्त्याच्या त्या भागाला २०० चिन्हांची मर्यादा आहे, म्हणजे बावीस अक्षरं-मात्रा झाल्या की पुढचं कापलं जातं. प्रत्येक पानाचा पत्ता हाताने रोमन लिपीत, दोन-तीन शब्दांत लिहा. डॉट भारत डोमेनचा मोह मलाही होता, मराठी वर्ग आणि मराठी पत्ता, किती छान, २०१४ पासून मिळतंय ते. पण अनेक ठिकाणी ते xn-- ने सुरू होणाऱ्या रोमन अक्षरांत विचित्र दिसतं आणि त्यावरचा ईमेल बऱ्याच फॉर्मना चालत नाही, म्हणून मुख्य पत्ता म्हणून अजून तरी नको. जोडीला घेऊन डॉट इनकडे वळवून ठेवलं तर उत्तम.

रिन्यूअलसाठी कार्डावर ऑटो डेबिट ठेवलं असेल तर कापायच्या किमान २४ तास आधी बँकेचा मेसेज येतो, आणि रक्कम १५,००० च्या वर असेल तर ओटीपीशिवाय जात नाही. तो ओटीपी द्यायचा राहून गेला की रिन्यूअल अडकतं आणि साईट बंद. डोमेनची तारीख मी सरांच्या भिंतीवरच्या कालनिर्णयवर लाल पेनाने लिहून आले.

हा प्लॅन कोणी घेऊ नये तेही सांगते. ज्यांना दुकान चालवायचंय, रोज ऑर्डरी, ऑनलाइन पेमेंट, त्यांनी सगळ्यात खालचा प्लॅन नका घेऊ, रोजचा बॅकअप असलेला वरचा घ्या. वर्गाचे व्हिडिओ होस्टिंगवर चढवू नका, युट्युबवर टाकून पानात लावा. आणि ज्यांना फक्त लिहायचंय, फॉर्म नाही, प्लगिन नाही, त्यांनी होस्टिंगचे पैसेच घालू नका, गुगलचं ब्लॉगर अजून फुकट आहे, त्याला स्वतःचं डोमेन जोडता येतं, एसएसएलही मिळतं. खर्च फक्त डोमेनचा. आणि ते डोमेन कोणाच्या नावावर घ्यायचं ते वर लिहिलंयच.