ग्राइंडरचं धूळ ओढणारं झाकण आणि व्हॅक्यूम : आठ महिने वापरल्यावर

काँक्रीट घासायचं आणि दगडाच्या कडा मारायचं काम मी चौदा वर्षं करतोय. ज्या मिस्त्रींनी मला ग्राइंडर धरायला शिकवलं, त्यांना सिलिकोसिस झालाय, म्हणजे दगड-काँक्रीटच्या धुळीतल्या सिलिकाने फुफ्फुसं खराब झालीत. दहा पायऱ्या चढल्या की ते कठडा धरून उभे राहतात. हा आजार बरा होत नाही. त्यांना पाहिलं आणि ५ इंची ग्राइंडरला बसणारं झाकण आणि त्याला जोडायचा व्हॅक्यूम घेतला.

सपाट भागावर झाकण उत्तम चालतं. पूर्वी पाच मिनिटांत शेजारचा माणूस दिसेनासा व्हायचा, आता हवा स्वच्छ दिसते. पण दिसण्यावर जाऊ नका. फुफ्फुसात खोल उतरणारे कण साधारण ४ मायक्रॉनहून बारीक असतात, नुसत्या डोळ्यांना ते दिसत नाहीत. एकदा दिवे मालवून आडवा टॉर्च मारला, तर झाकणाच्या कडेचा ब्रश एका बाजूने झिजलेला आणि तेवढ्याच फटीतून धुरासारखी रेघ वर चढत होती. ब्रश लगेच बदलला. आता रोज काम सुरू करण्याआधी त्यावरून बोट फिरवतो.

भिंतीलगत झाकणाचा पुढचा तुकडा उघडावा लागतो आणि तिथे धूळ निसटतेच. त्यामुळे मास्क सुटत नाही. तो चेहऱ्याला घट्ट बसावा म्हणून दाढीही रोज करतो.

व्हॅक्यूम घेताना हवा ओढायची ताकद विचाराच. अमेरिकेतल्या ओशाच्या (कामगारांची सुरक्षितता बघणारं सरकारी खातं) नियमात चाकाच्या दर इंचामागे मिनिटाला किमान २५ घनफूट सांगितलंय, म्हणजे ५ इंचाला १२५. शिवाय फिल्टर साफ करायची सोय हवी. आधी मी साधा झाडलोटीचा व्हॅक्यूम लावला होता. पाव तासात तो गुदमरायचा आणि बारीक धूळ मागून परत खोलीत यायची. आताचा व्हॅक्यूम दर थोड्या वेळाने फिल्टर आपोआप झटकतो, आवाजावरून कळतं.

क्वार्ट्झच्या कृत्रिम दगडाला मात्र मी हे लावत नाही. त्यात ९० टक्क्यांहून जास्त सिलिका असू शकते. ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून त्यावर बंदीच घातली. तसलं काम मी घेणंच सोडलंय.

तक्रार एकच, पण मोठी. धुळीच्या पिशवीच्या तोंडाला झाकण नाही. भरलेली पिशवी काढताना भपकन धूळ उडते, दिवसभर गोळा केलेली. मी मास्क न काढता आधी पिशवीच्या तोंडावर चिकटपट्टी मारतो, मगच ती हलवतो. तुम्ही घेणार असाल तर बंद होणारी पिशवी मिळते का, हे आधी बघा.