पहिला सीडी प्लेअर: यामाहा सीडी-एस३०३, आणि त्यात लावायच्या सीडी

सीडी प्लेअर विकणारा बहुधा डॅक चिपपासून, म्हणजे डिजिटल आकड्यांचा आवाज करणाऱ्या चिपपासून, सुरुवात करतो. त्याला बोलू द्यावं. सीडीवरचा आवाज १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झ, तो नीट उलगडणं आज स्वस्तातल्या यंत्रालाही जमतं. प्लेअर म्हातारा होतो तो लेझरने, ट्रेच्या रबरी बेल्टने आणि घट्ट झालेल्या ग्रीसने. त्यामुळे दुरुस्तीची हौस नसेल तर पहिला प्लेअर नवा आणि सीडी जुन्या, हाच सौदा बरा.

नव्यांमध्ये यामाहाचा सीडी-एस३०३ हा साधासुधा आणि कामाचा. त्यात अ‍ॅम्प्लिफायर नाही, त्यामुळे तो वेगळा लागेल, नाहीतर पॉवर्ड (स्वतःचं अ‍ॅम्प्लिफायर आत असलेले) स्पीकर. मागे नेहमीच्या आरसीए सॉकेटची जोडी, आणि डिजिटल आउटपुट दोन, ऑप्टिकल आणि कोअ‍ॅक्सिअल; पुढे यूएसबी. आरसीएची वायर अ‍ॅम्प्लिफायरच्या सीडी, ऑक्स किंवा लाइन इनपुटला जोडायची, फोनोला कधीच नाही. फोनो इनपुट रेकॉर्डच्या सुईकडून येणाऱ्या काही मिलिव्होल्टसाठी असतो आणि वरून बास वाढवतो. सीडी प्लेअर साधारण २ व्होल्ट देतो. फोनोला लावला की तबला ढबढबतो, गळा फाटतो आणि दोष बिचाऱ्या प्लेअरला मिळतो.

आपल्याकडच्या घरांसाठी याचा खरा फायदा वेगळाच आहे: हा एमपी३ सीडी वाचतो. कपाटातल्या 'पन्नास भक्तिगीतं एकाच सीडीत'वाल्या सीडी म्हणजे एमपी३च्या फायली भरलेल्या डेटा डिस्क. फक्त ऑडिओ सीडी वाचणारे जुने प्लेअर त्यांच्यापुढे 'नो डिस्क' म्हणतात किंवा नुसते गरगरतात. नाटक-सिनेमाच्या व्हीसीडी मात्र इथेही चालणार नाहीत. त्यांच्यासाठी जुना डीव्हीडी प्लेअर जपून ठेवा. किंबहुना तो चालू स्थितीत असेल तर महिनाभर त्यावरच सीडी ऐकून पाहायला हरकत नाही. डिस्क ओळखायला वेळ घेतो, पण गातो बरा.

उणिवाही आहेत. हेडफोनचं भोक नाही. डिजिटल इनपुट नाही, म्हणजे टीव्ही किंवा फोनचा आवाज याच्या डॅकमधून काढता येत नाही. एसएसीडीचा (जास्त तपशिलाच्या सुपर ऑडिओ सीडीचा) वेगळा थर वाचत नाही. दोन्ही थर असलेल्या हायब्रिड डिस्कचा फक्त सीडीचा थर वाजतो. आणि 'प्युअर डायरेक्ट'चं बटण दाबलं की डिस्प्लेबरोबर डिजिटल आउटपुटही बंद होतं. बाहेरचा डॅक जोडलेल्यांनी हे लक्षात ठेवावं, नाहीतर अचानक शांतता पसरते आणि केबल बदलण्यात संध्याकाळ जाते.

तरीही लॅमिंग्टन रोड किंवा चोर बाजारातला जुना प्लेअर खुणावत असेल, तर आधी मागची पाटी वाचा. जपानी बाजारासाठी बनलेलं यंत्र १०० व्होल्टचं असतं. थेट आपल्या २३० व्होल्टला लावलं तर ट्रान्सफॉर्मर जळेल. व्होल्टेज उतरवणाऱ्या स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मरचा खर्च किमतीत धरा. मग चाचणी. डिस्क घातल्यावर तीन ते पाच सेकंदांत ट्रॅकची संख्या दिसायला हवी; दहाच्या वर गेलं तर लेझर थकलाय किंवा लेन्स मळलीय. पुढे सत्तर मिनिटांहून लांब सीडीचा शेवटचा ट्रॅक लावा. सीडी आतून बाहेर वाचली जाते, त्यामुळे वाळलेलं ग्रीस आणि झिजलेली सरकपट्टी शेवटाकडे उघडी पडते. पहिलाच ट्रॅक ऐकवून पैसे मागणाऱ्याला हे ठाऊक असतं. ट्रेला बोटाने मदत करावी लागली तर बेल्ट सैल झालाय, पण तो खर्च किरकोळ.

लेन्स पुसायला कापसाची काडी आणि ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल. लेन्स नाजूक स्प्रिंगवर तरंगते, तेव्हा हात अगदी हलका. मेकॅनिक पिकअपवरचा (लेझर आणि लेन्स बसवलेल्या भागावरचा) बारीक स्क्रू फिरवून 'चालू करून देतो' म्हणाला तर नको म्हणा. त्याने लेझरचा करंट वाढतो, थोडे दिवस सगळं सुरळीत वाजतं आणि मग डायोड कायमचा जातो. पिकअपच बदलायचा तर सोनीचा केएसएस-२१३ वापरणारं यंत्र सोयीचं, कारण तो सुटा मिळतो. नव्या पिकअपवर स्थिर विजेपासून बचावाला सोल्डरचा ठिपका टाकलेला असतो. बसवल्यावर तो काढला नाही तर लेझर पेटतच नाही, आणि भला पिकअप 'डुप्लिकेट' ठरून परत जातो.

आता सीडी. मुंबईत काळा घोड्याचं ऱ्हिदम हाउस हे सीडींचं दुकान २०१६ मध्ये बंद झालं. आता भिस्त रद्दीवर, प्रदर्शनांवर आणि ऑनलाइन विक्रीवर. पहिली खरेदी शास्त्रीय संगीताची करा. एलपीच्या एका बाजूला वीस-बावीस मिनिटं मिळत, तिथे सीडीवर ७४ मिनिटं सलग. विलंबित ख्याल पान उलटल्यासारखा तुटत नाही.

घेताना खालची बाजू पाहा. हिरवट-निळसर झाक दिसली तर ती घरी 'बर्न' केलेली प्रत. कारखान्यातली चंदेरी असते आणि मधल्या भोकाभोवती तिचा क्रमांक कोरलेला असतो. मध्याकडून कडेकडे गेलेल्या ओरखड्यांना घाबरू नका, साधारण अडीच मिलिमीटरपर्यंतचा सलग खंड चूक-दुरुस्ती भरून काढते. वर्तुळाच्या दिशेने गेलेला ओरखडा वाईट, कारण तो एकाच रेघेला लांबवर खातो. सीडी पुसायचीही म्हणूनच आतून बाहेर, सरळ. त्याहून वाईट लेबलच्या बाजूचा ओरखडा: खाली १.२ मिलिमीटरचं प्लॅस्टिक आहे, वर मात्र अ‍ॅल्युमिनियमवर फक्त लाखेचा पातळ थर. डिस्क दिव्यासमोर धरा. एखाददुसरा टाचणीएवढा ठिपका चालेल, चाळणी असेल तर परत ठेवा.

मळलेली सीडी कोमट पाण्यात, भांड्यांच्या साबणाच्या थेंबाने धुवा आणि मऊ सुती फडक्याने टिपा. दोन सीडींच्या जुन्या जाड डब्यात स्पंजचा तुकडा असेल तर त्याच दिवशी काढून टाका. आपल्या दमट हवेत तो विरघळून लेबलला चिकटतो आणि लाख खातो.