खांद्याची फाटलेली कंडरा: खुली शस्त्रक्रिया की दुर्बिणीची?

गेल्या जूनमध्ये कुळागरातल्या (सुपारीच्या बागेतल्या) पाटाच्या कडेला पाय घसरून माझे मामा उजव्या हातावर आपटले. महिनाभर तेल चोळूनही हात खांद्याच्या वर जाईना, तेव्हा एमआरआय काढला आणि रोटेटर कफची, म्हणजे खांद्याचा सांधा धरून ठेवणाऱ्या स्नायूंच्या गटाची, एक कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारा दोर) सुमारे दोन सेंटिमीटर फाटल्याचे दिसले. ती खुल्या पद्धतीने शिवावी की दुर्बिणीने, यावर घरात बरीच चर्चा झाली. त्या वेळी जे समजून घेतले, ते असाच निर्णय समोर असलेल्यांसाठी मांडत आहे.

दोन्ही पद्धतींत काम एकच असते, ते म्हणजे सुटलेली कंडरा दंडाच्या हाडाच्या डोक्यावर पुन्हा घट्ट बसवणे. जुन्या खुल्या शस्त्रक्रियेत खांद्यावर मोठा छेद घेऊन वरच्या डेल्टॉइड स्नायूचा काही भाग हाडापासून सोडवावा लागतो आणि शेवटी परत शिवावा लागतो. मिनी-ओपन पद्धतीत छेद साधारण तीन ते पाच सेंटिमीटरचा असतो आणि स्नायू न कापता त्याचे तंतू केवळ बाजूला सारले जातात. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत तीन-चार बारीक छिद्रांतून, सांध्यात सलाइन सोडत, पडद्यावर पाहून काम होते, आणि त्या पाण्यामुळे सुरुवातीला खांदा बराच सुजलेला दिसतो. हाडात बसणारा अँकर हा काही मिलिमीटर जाडीचा छोटा स्क्रू असतो. त्याला जोडलेले मजबूत दोरे कंडरेतून ओवून गाठ मारली जाते.

दुर्बिणीत पहिल्या काही आठवड्यांत दुखणे बहुधा कमी असते, डेल्टॉइड सुरक्षित राहतो आणि बायसेप्सच्या कंडरेसह आतला संपूर्ण सांधा तपासता येतो. पण दूरच्या निकालाबाबत मोठी अपेक्षा ठेवू नये. या दोन पद्धतींची तुलना करण्यासाठी ब्रिटनमध्ये 273 रुग्णांवर झालेल्या चाचणीत दोन वर्षांनंतर वेदना आणि हालचाल या बाबतींत दोन्ही गटांमध्ये लक्षणीय फरक आढळला नाही, आणि शिवलेली कंडरा पुन्हा फाटल्याचे दोन्ही गटांतल्या अनेकांच्या तपासणीत दिसले. म्हणून ज्या पद्धतीवर आपल्या शल्यचिकित्सकाचा हात बसलेला आहे, ती पद्धत मी आधी निवडेन.

टाक्यांची एक रांग की दोन, हा प्रश्न खर्चाशी जास्त जोडलेला आहे. दोन रांगांमुळे कंडरा हाडावर अधिक रुंद जागेत दाबून बसते, आणि तीन सेंटिमीटरहून मोठ्या फाटीत ती पुन्हा सुटण्याचे प्रमाण कमी दिसते. लहान फाटीत मात्र रुग्णाला जाणवेल असा फरक क्वचितच पडतो. दोन रांगांना अँकर जास्त लागतात, त्यामुळे किती अँकर बसवणार आणि गोवा सरकारच्या दीन दयाळ स्वास्थ्य सेवा योजनेतून त्यांचे पैसे मिळणार का, हे भरती होण्यापूर्वीच स्पष्ट करून घ्यावे.

मात्र खरा निकाल बऱ्याच अंशी कंडरेच्या अवस्थेवर ठरतो. जुन्या फाटीत स्नायू आक्रसतो, त्याच्या जागी चरबी भरते, आणि मग कितीही चांगले टाके घातले तरी ते टिकण्याची खात्री राहत नाही. वयस्कर रुग्णांत अशा वेळी रिव्हर्स सांधेबदलाचा, म्हणजे गोळा आणि खोबणी यांच्या जागा उलट करून बसवलेल्या कृत्रिम सांध्याचा, विचार करावा लागतो. अनियंत्रित मधुमेह आणि धूम्रपान यांमुळेही जखम उशिरा भरते. मामांना सुपारीचा हंगाम आटोपल्यावरच शस्त्रक्रिया करायची होती. पडून झालेली ताजी फाट इतके महिने तशीच ठेवू नये, हे त्यांना पटवायलाच आम्हाला सर्वांत जास्त वेळ लागला.

पुढची शिस्त दोन्ही पद्धतींत जवळजवळ सारखीच असते. चार ते सहा आठवडे हात झोळीत, त्यानंतर फिजिओथेरपी, आणि ताकदीचे व्यायाम साधारण तीन महिन्यांनंतर. या काळात स्कूटर चालवता येत नाही, म्हणून बांबोळीच्या सरकारी रुग्णालयाच्या फेऱ्या टाळून फोंड्यातच फिजिओथेरपिस्ट गाठणे आम्हाला सोयीचे पडले. पुढून बटणे असलेले सैल शर्ट आधीच शिवून ठेवावेत. डोक्यावरून कपडा घालणे त्या आठवड्यांत जमत नाही.

ऑगस्टमध्ये मामांची शस्त्रक्रिया दुर्बिणीने, एका रांगेच्या टाक्यांनी झाली. चवथीला गणपतीच्या वर टांगायची फळाफुलांची माटोळी आम्ही भाच्यांनी बांधली, आणि सुपारीचा घोस कुठे लावायचा ते मामा खाली उभे राहून डाव्या हाताने दाखवत होते.