घरच्या गाडीवर शिकवताना: एल पाटी, जादा आरसा आणि डबल पेडलचं किट

पोरगं 18 चं झालं, शिकाऊ लायसन्स निघालं आणि घरच्याच गाडीवर शिकवायचं ठरलं, की ऍक्सेसरीवाला तीन वस्तू काउंटरवर मांडतो: चुंबकाची एल पाटी, काचेला चिकटणारा जादा आरसा आणि डाव्या सीटपुढे बसवायचं क्लच-ब्रेकचं डबल पेडल. यातला आरसा जरूर घ्यावा. पाटी विकत न घेता करून घ्यावी. पेडलच्या किटवर मात्र घरातली एकुलती एक गाडी असेल तर पैसे घालू नयेत.

पाटीचं आधी उरकू. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या नियम 3 प्रमाणे पांढरा चौकोन किमान 18 सेंटिमीटरचा हवा. त्यावरचा लाल एल किमान 10 सेंटिमीटर उंच, 2 सेंटिमीटर जाड आणि पायाशी 9 सेंटिमीटर रुंद हवा. पाटी गाडीच्या पुढेही आणि मागेही लागते. दुकानातल्या तयार पाट्या दिसायला झकपक असतात, पण कितीतरी पाट्या या मापात बसत नाहीत, म्हणून घेताना पट्टी लावून पाहावी. चुंबकाची अडचण वेगळीच आहे. बंपर प्लास्टिकचा, तिथे चुंबक धरतच नाही. बॉनेटवर धरतं, पण खाली वाऱ्याची झुळूक शिरली की पाटी उडते आणि मध्ये धूळ राहिली तर रंगावर ओरखडे पडतात. त्यापेक्षा नंबरप्लेट करणाऱ्या रेडियमवाल्याला माप सांगून दोन चौकोन कापून घ्यावेत. मागचा चौकोन काचेच्या बाहेरून, खालच्या कोपऱ्यात लावावा. आतून लावला तर काढताना काचेवरचं धुकं घालवणाऱ्या डिफॉगरच्या बारीक तारा त्याच्याबरोबर उखडून येतात. काढायचा तो भर दुपारी, काच तापलेली असताना. राहिलेला गोंद रॉकेलच्या फडक्याने निघतो.

पाटी ही पोलिसांपुरती गोष्ट आहे असं समजू नये. खासगी गाडीच्या विमा पॉलिसीत चालकाचं जे कलम असतं, त्यात शिकाऊ लायसन्सवाल्याला मुभा आहे ती नियम 3 पाळला तरच. म्हणजे पाटी हवी, शेजारी पक्कं लायसन्स असलेला माणूस हवा आणि त्याला गाडी ताब्यात घेता किंवा थांबवता येईल अशा जागी तो बसलेला हवा. मागच्या सीटवरून सूचना करणारे काका यात मोडत नाहीत.

आता आरसा. दोन-चारशे रुपयांत येतो आणि तिन्हींत सगळ्यात जास्त कामाला येतो, कारण गाडीचा मधला आरसा शिकणाऱ्याकडे वळवलेला असतो आणि डावीकडे बसलेल्याला मागचं काहीच दिसत नाही. मग तो सारखा मान वळवून मागे पाहत राहतो आणि नेमकं तेव्हाच पुढे काहीतरी घडतं. आरसा सपाट काचेचा घ्यावा. फुगीर काचेत जास्त दिसतं हे खरं, पण मागचा ट्रक आहे त्यापेक्षा लांब भासतो आणि शिकवणाऱ्याचा अंदाज चुकतो. सक्शन कप शक्यतो जेलचा पाहावा. काचेच्या वरच्या काठाला काळ्या ठिपक्यांची पट्टी असते. त्या ठिपक्यांवर कप धरत नाही, म्हणून पट्टीच्या खाली, डाव्या सन व्हायझरजवळ लावावा. आधी काच भांड्याच्या साबणाच्या पाण्याने पुसून कोरडी करावी. डॅशबोर्डला पॉलिश मारलेलं असेल तर त्याचा तेलकट थर काचेवर बसतो आणि कप सटकतो.

नागपूरच्या उन्हाळ्यात मात्र कुठलाही कप भरवशाचा नाही. एप्रिल-मेमध्ये पारा 44-45 वर गेला की बंद गाडीत रबर मऊ पडतं आणि आरसा गाडी चालू असतानाच मांडीवर येऊन पडतो. शिकवणी संपली की आरसा काढून ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवला तर बरेच दिवस टिकतो. जमल्यास असाच एक छोटा आरसा आणखी घ्यावा आणि तो शिकणाऱ्याच्या डोळ्यांवर रोखावा. लेन बदलण्याआधी त्याने आरसा पाहिला की नाही, हे विचारावंच लागत नाही.

डबल पेडलचं किट म्हणजे डाव्या सीटपुढे एका पत्र्यावर बसवलेली दोन पेडलं. ती दांडीने किंवा केबलने चालकाच्या क्लच आणि ब्रेकच्या पेडलला जोडलेली असतात. याला वेगळी ब्रेक यंत्रणा नसते. डाव्या सीटचं पेडल दाबलं की उजवीकडचं, चालकाचं पेडल खेचलं जातं, एवढंच. त्यामुळे इंजिन बंद पडलं तर ब्रेक दाबायला जोर देणारा बूस्टर दोन-तीन दाबांत रिकामा होतो आणि डावीकडचं पेडलही तेवढंच दगडासारखं घट्ट लागतं. नवशिक्याची गाडी बंद पडते ती बहुधा चौकातच. केबलच्या किटमध्ये काही आठवड्यांत केबल सैल पडते आणि डाव्या पेडलचा पहिला इंच-दीड इंच नुसता वाया जातो. दांडीच्या किटमध्ये हा दोष कमी, पण पेडलवरचा क्लॅम्प ढिला होऊन फिरतो, आणि दांडीखाली फ्लोअर मॅट सरकून अडकली तर चालकाचं पेडलच पूर्ण वर येत नाही.

फिटिंगची गोष्ट आणखी नाजूक. फिटर म्हणेल, ‘चार भोकं तं पाडा लागतात साहेब.’ त्या भोकांतून पावसाळ्यात पाणी शिरतं, पत्रा गंजतो आणि कार्पेटखालची वायरिंग कापली गेली तर वॉरंटीचा विषय तिथेच संपतो. सीटच्या बोल्टवर बसणारं किट असेल तर एकवेळ ठीक. तरीही डावीकडे आजी बसली आणि सहज पाय लांब केले तर काय, हा प्रश्न उरतोच.

किटच्या बाजूने एक मुद्दा मात्र पक्का आहे. डाव्या सीटवरच्या माणसाला गाडी सावरायला एकच उजवा हात असतो. तो हँडब्रेकवर गेला की स्टिअरिंग सुटतं आणि स्टिअरिंग धरलं की हँडब्रेक. पायाशी ब्रेक असला तर हात मोकळा राहतो. भर रहदारीत हा फरक मोठा आहे. रिकाम्या रस्त्यावर, 20 च्या आतल्या वेगात, दोन सीटच्या मधला दांड्याचा हँडब्रेक पुरतो. त्याचं बटण अंगठ्याने दाबूनच धरावं आणि दांडा हळूहळू ओढावा, म्हणजे तो अडकत नाही आणि लगेच सोडता येतो. तो फक्त मागच्या चाकांवर चालतो. 40 च्या वेगात हिसका दिला तर मागची चाकं जाम होऊन गाडी आडवी होते, रेतीवर तर नक्कीच. दांडा सात-आठ टिकटिकींच्या वर चढत असेल तर शिकवणी सुरू करण्याआधी टाइट करून घ्यावा. पार्किंग ब्रेकचं नुसतं बटण असलेली नवी गाडी या कामाला टाळावी. घरात जुनी दांड्याची गाडी असेल तर तीच काढावी.

म्हणून पैसे किटवर घालण्यापेक्षा वाटून घालावेत. क्लच, गिअर, रिव्हर्स घरच्या गाडीवर शिकवावं. पहिला धडा ऍक्सिलरेटरला पाय न लावता: सपाट रस्ता, पहिला गिअर, क्लच इतका सावकाश सोडायचा की गाडी आपोआप सरकावी. ‘एकदम सोडून राहिला तू’ असं ओरडून क्लच सुधारत नाही. टाच जमिनीला टेकवून पंजाने सोडायला लावलं की सुधारतो. नागपुरात सकाळी सिव्हिल लाइन्सचे रुंद रस्ते याला बरे, चढावर गाडी उचलायला सेमिनरी हिल्स. संध्याकाळी गर्दीच्या फुटाळा तलावाकडे फिरकूही नये. रहदारीचे पहिले काही दिवस मात्र ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत काढावेत. त्यांच्या गाडीत डबल कंट्रोल असणं नियमानेच बंधनकारक आहे आणि तिथला माणूस ती पेडलं रोज वापरतो. सीताबर्डी आणि वर्धा रोड तिथे होऊ द्या, मग पुन्हा घरची गाडी. शिकाऊ लायसन्स 6 महिने चालतं आणि पक्क्या परीक्षेला 30 दिवसांनंतरच बसता येतं, म्हणजे घाई करायचं कारण नाही.

पोरगं 17 चं असेल तर यातलं काहीच घेऊ नये. बेसा किंवा मनीषनगरकडच्या लेआउटमधले रिकामे रस्तेही कायद्याने सार्वजनिक जागाच आहेत. मोटार वाहन कायद्याच्या कलम 199अ प्रमाणे पालकाला किंवा गाडीमालकाला 3 वर्षांपर्यंत कैद आणि 25,000 रुपये दंड होऊ शकतो, गाडीची नोंदणी 12 महिने रद्द होते आणि पोराला 25 वर्षांचं होईपर्यंत लायसन्स मिळत नाही.

दोन-तीन मुलं ओळीने शिकणार असतील आणि शिकवणीपुरती जुनी गाडी वेगळी ठेवलेली असेल, तर किट घेण्यात अर्थ आहे. दांडीचंच घ्यावं, सीटच्या बोल्टवर बसणारं. फिटरसमोरच इंजिन चालू ठेवून डावं ब्रेकपेडल पूर्ण दाबावं आणि उजवं बरोबरीने खाली जातं का ते पाहावं. पाय उचलल्यावर उजवं पेडल झटकन वर आलं पाहिजे आणि मागचा ब्रेकलाइट विझला पाहिजे. तो जळत राहिला तर दांडी नीट बसलेली नाही आणि ब्रेक किंचित धरून असू शकतो. तशीच गाडी घरी आणू नये.