पाण्याच्या-जमिनीच्या वादात मध्यस्थ व्हायचंय: एलएलबी, पॉलिसी की परदेश?

खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर. चारही धरणं भरली की साधारण २९ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी. त्यावर पुण्याचे नळ आणि दौंड-इंदापूरची शेती, दोघांचा डोळा. उन्हाळी आवर्तन, म्हणजे शेतीसाठी कालव्यात सोडायचं पाणी, किती दिवसांचं, हे ठरवायला कालवा सल्लागार समिती बसते. पालकमंत्री असतात, जलसंपदाचे अभियंते असतात, महापालिका असते, आमदार असतात. दोन्ही बाजूंना न दुखावता बोलतं करण्याचं शिक्षण घेतलेलं मात्र कुणी नसतं. ‘मला ते काम करायचंय’ म्हणणारी पदवीधर मुलंमुली अधूनमधून भेटतात, त्यांच्यासाठी हा आढावा.

आधीच सांगते, ‘पर्यावरण मध्यस्थ पाहिजे’ अशी जाहिरात पुण्यात माझ्या पाहण्यात नाही. हे काम दुसऱ्याच पदांच्या पोटात दडलेलं असतं. त्यामुळे खरा प्रश्न पदवीचा कमी आणि कोणत्या दारातून आत शिरायचं याचा जास्त आहे.

एलएलबी. घरच्यांना पटणारा रस्ता. सीईटी द्यायची, तीन वर्षं काढायची. आयएलएससारखं १९२४ पासूनचं कॉलेज गावातच आहे. शिवाय पर्यावरणाचे दावे ऐकणाऱ्या राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचं पश्चिम विभागाचं खंडपीठ पुण्यात बसतं. महाराष्ट्र, गुजरात, गोवा इथली प्रकरणं तिथे येतात. नव्या वकिलाला हे सगळं दाराशी मिळणं ही चैनच.

पण एक मेख आहे, आणि ती प्रवेशाच्या वेळी कुणी सांगत नाही. २०२३ च्या मध्यस्थी कायद्याला एक परिशिष्ट आहे: कोणते वाद मध्यस्थीला योग्य नाहीत, त्यांची यादी. हरित न्यायाधिकरणाच्या अखत्यारीतले विषय त्या यादीत आहेत. भूसंपादन आणि त्याचा मोबदलाही आहे. म्हणजे चाळीस तासांचं प्रशिक्षण घेऊन तुम्ही न्यायालयाच्या मध्यस्थी केंद्रात बसलात, तर समोर येणार नवरा-बायको, भाऊ-भाऊ, घरमालक-भाडेकरू. नदी येणार नाही. त्याच कायद्यात सामुदायिक मध्यस्थीचं एक प्रकरण आहे. परिसरातली शांतता बिघडवू शकणाऱ्या वादांसाठी तीन मध्यस्थांचं पॅनेल. पण तिथे झालेला समझोता दिवाणी हुकूमनाम्यासारखा बजावून घेता येत नाही. शब्दाला जागणारी माणसं असतील तरच तो टिकतो.

मग वकिली वाया जाते का? अजिबात नाही. पर्यावरण मंजुरीतल्या अटी वाचता येणं, कोर्टात गेलो तर काय पदरात पडेल याचा अंदाज असणं, यावरच वाटाघाटीत वजन येतं. फक्त तीन वर्षं बाजू मांडायला शिकल्यावर बाजू न घेणं वेगळं शिकावं लागतं. काहींना ते जन्मभर जमत नाही.

पॉलिसी, अर्थशास्त्र, पर्यावरणशास्त्र. गोखले संस्था (१९३०) अर्थशास्त्रासाठी. गणिताची भीती असेल तर आधीच विचार करा. पुण्याबाहेर जायची तयारी असेल तर मुंबईत टाटा सामाजिक विज्ञान संस्था, बेंगळुरूच्या नॅशनल लॉ स्कूलमध्ये दोन वर्षांचा सार्वजनिक धोरणाचा अभ्यासक्रम. पुढच्या कामासाठी मात्र पुणं नशीबवान. पाण्याच्या वादांवर सोपेकॉम, विजेच्या धोरणावर प्रयास, वाहतुकीवर परिसर, अशा संस्था इथेच आहेत. पगार बेताचे असतात, पण एकाच आठवड्यात टेलचा (कालव्याच्या शेवटच्या टोकाचा) शेतकरी, शाखा अभियंता आणि मंत्रालय या तिघांशी बोलायला दुसरी कुठली नोकरी लावते?

दुसरा फाटा ईआयए, म्हणजे प्रकल्पाचा पर्यावरणावर काय परिणाम होईल याचा अभ्यास, करणाऱ्या सल्लागार कंपन्यांचा. सुरुवातीला पैसे बरे. ईआयएच्या २००६ च्या अधिसूचनेनुसार प्रकल्पाच्या जनसुनावणीची किमान ३० दिवसांची नोटीस लागते, जिल्हाधिकारी किंवा त्यांचा प्रतिनिधी अध्यक्ष असतो. अडचण अशी की तोवर आराखडा तयार झालेला असतो. लोकांना विचारलं जातं ते ‘हरकत आहे का’, ‘कसं करू या’ नाही. ९ ऑगस्ट २०११ ला पवना धरणातून पिंपरी-चिंचवडला पाणी नेणाऱ्या बंदिस्त जलवाहिनीवरून मावळात गोळीबार झाला, तीन शेतकरी गेले. त्या वादात वकील कमी पडले असं मला वाटत नाही. नळ आखण्याआधी गावात जाऊन बसणारं माणूस कमी पडलं.

परदेश. ही विद्या रुजली अमेरिकेत. १९७३-७४ मध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या स्नोक्वाल्मी नदीवरच्या धरणाचा वाद जेराल्ड कॉर्मिक आणि जेन मॅकार्थी यांनी बोलणी करून मिटवला. पुढे १९९८ मध्ये अशाच कामासाठी अमेरिकेच्या केंद्र सरकारची संस्था ॲरिझोनातल्या टूसॉनला निघाली. जॉर्ज मेसन, सिरॅक्यूज या विद्यापीठांत हा विषय नावानिशी शिकवतात. कोस्टा रिकातल्या शांतता विद्यापीठात पर्यावरण आणि शांतता एकत्र मिळतात. तिथे दोन गोष्टी फार छान घोटून घेतात: वादाचं निदान, म्हणजे कुणाकुणाला टेबलाशी बोलवायचं; आणि दोन्ही बाजूंनी मिळून आकडे तपासणं. कालवा समितीला दुसरीची नितांत गरज आहे.

पण अमेरिकेतल्या अशा कामाचा मोठा ग्राहक सरकारच, आणि परक्या पासपोर्टला त्या नोकऱ्या सहज मिळत नाहीत. परत आलात तर इथे मध्यस्थाचं बिल कोण भरणार? कर्ज काढून जाणाऱ्याने हा हिशेब आधी मांडावा. आणि इंदापूरच्या बैठकीत ‘स्टेकहोल्डर’ म्हणालात तर चहा मिळेल, माहिती नाही.

माझा कौल विचाराल तर: आधी दोन वर्षं एखाद्या संस्थेत पाण्यावर किंवा जमिनीवर काम, मग पॉलिसी. भांडायला आवडत असेल आणि ते मान्य करायची लाज नसेल, तर एलएलबी. परदेश तिसऱ्या क्रमांकावर, शक्यतो शिष्यवृत्तीवर आणि लहान मुदतीचं.

कुठलाही फॉर्म भरण्याआधी जनसुनावणीची नोटीस पेपरात शोधा आणि मागच्या रांगेत जाऊन बसा. चार तास ओरडाआरडा ऐकल्यावर पुढच्या सुनावणीलाही यावंसं वाटतं का, ते बघा.