स्पाइक की स्क्वेअर वेव्ह : अल्ट्रासॉनिक सेट घेताना पल्सर कोणता बघाल?

नाशिकच्या सातपूर-अंबडमधल्या कारखान्यांत अल्ट्रासॉनिक सेटची, म्हणजे आवाजाच्या लहरींनी धातूतले आतले दोष शोधणाऱ्या यंत्राची, कोटेशन्स आली की पहिली नजर व्होल्टेजवर जाते. एक 200 व्होल्टचा, दुसरा 400 चा. साहजिकच 400 वाला भारी वाटतो. पण व्होल्टेज दुप्पट केलं तरी इको, म्हणजे दोषावरून परतलेला आवाज, वाढतो फक्त 6 डेसिबलने. खरा प्रश्न पल्सर, म्हणजे सेटमधला विजेचा झटका (पल्स) देणारा भाग, ती पल्स कशी तयार करतो हा आहे.

स्पाइक पल्सरमध्ये कपॅसिटर चार्ज करून तो एका झटक्यात प्रोबमध्ये (जॉबवर टेकवायच्या, विजेचा आवाज करणाऱ्या क्रिस्टलच्या तुकड्यात) रिकामा करतात. पल्स टोकदार असते, डॅम्पिंग (थरथर दाबणारी सेटिंग) नीट लावलं तर लवकर विझतेही. पातळ प्लेट, ट्यूबची भिंत, 10 मेगाहर्ट्झचा प्रोब अशा कामाला हे फार सोयीचं. स्टीलमध्ये एक मायक्रोसेकंद म्हणजे जवळपास 3 मिलिमीटर खोली. सुरुवातीची पल्स तेवढी रेंगाळली तर तेवढ्या थरातला दोष तिच्याखालीच झाकला जातो. तोटा असा की स्पाइकची ताकद सगळ्या फ्रिक्वेन्सींत विखुरते, प्रोबच्या वाट्याला त्यातली थोडीच येते.

स्क्वेअर वेव्ह पल्सरची पल्स चौकोनी असते, आणि तिची गंमत तिच्या रुंदीत, म्हणजे ती किती वेळ टिकते यात आहे. रुंदी प्रोबच्या अर्ध्या आवर्तनाइतकी ठेवली की पल्सच्या दोन्ही कडा एकमेकींना जोर देतात. 5 मेगाहर्ट्झला 100 नॅनोसेकंद, 2.25 ला साधारण 222. जाड फोर्जिंग किंवा कास्टिंगमध्ये कमी फ्रिक्वेन्सीचा प्रोब लावाल तिथे हा फरक स्क्रीनवर उघड दिसतो. मात्र प्रोब बदलला आणि रुंदी तशीच राहिली, तर फायदा गेलाच म्हणून समजा. रुंदी पूर्ण आवर्तनाइतकी झाली तर दोन्ही कडा एकमेकींना मारतातसुद्धा. ऑपरेटर नवखा असेल तर हा धोका खरा आहे.

आता व्होल्टेज. इको सेटच्या स्वतःच्या नॉइजमध्ये बुडत असेल, तर जास्त व्होल्ट कामाला येतात. जाडसर दाण्याच्या कास्टिंगमध्ये स्क्रीनवर जे गवत उगवतं ते दाण्यांवरून परतलेल्या आवाजाचं. व्होल्टेज वाढवलं की गवतही तितकंच वाढतं. तिथे फ्रिक्वेन्सी खाली आणा. शिवाय व्होल्टेज दुप्पट म्हणजे दर पल्सला चौपट ऊर्जा, त्यामुळे सिन्नरच्या साइटवर दिवसभर बॅटरीवर काम असेल तर हा हिशेब आधी करा. जास्त फ्रिक्वेन्सीच्या प्रोबमधला क्रिस्टल पातळ असतो, त्याला 400 व्होल्ट झेपतात का हेही विचारा.

माझं मत : कामं मिश्र असतील तर रुंदी बदलता येणारा स्क्वेअर वेव्ह घ्या, रुंदी कमी केली की तो पातळ जॉबवरही चालतो. फक्त पातळ प्लेटच तपासायची असेल तर साधा स्पाइक पुरे, उगाच पैसे घालू नका. आणि डेमोला विक्रेत्याचा चकचकीत नमुना-ब्लॉक नको; आपलाच सगळ्यात वाईट जॉब, आपला प्रोब, आपली केबल. कॅटलॉगमधलं व्होल्टेज 50 ओहमच्या लोडवर मोजलंय की लोडशिवाय, हेही लेखी घ्या.