लिली पुरस्कार की किलरॉय्झची यादी?

अमेरिकन रंगभूमीवरच्या स्त्रियांना दाद देण्याच्या या दोन तऱ्हा. पुरस्कार किंवा निवड योजना आखणाऱ्यांनी दोन्ही शेजारी ठेवून बघाव्यात.

लिली पुरस्कार २०१० साली न्यूयॉर्कमध्ये सुरू झाले. नाव नाटककार लिलियन हेलमन यांच्यावरून. इथे झालेल्या कामाचा गौरव होतो: लेखिका, दिग्दर्शिका, अभिनेत्री, डिझायनर. पण गौरवाआधी काम रंगमंचावर यावं लागतं, आणि दार तर तिथेच अडतं. हे ओळखूनच लिलीवाल्यांनी ड्रॅमॅटिस्ट्स गिल्ड या नाटककारांच्या संघटनेबरोबर २०१५ मध्ये मोजदाद छापली. तीन हंगामांत झालेल्या प्रयोगांपैकी बायकांनी लिहिलेली नाटकं जेमतेम २२ टक्के. माझ्या मते त्यांचं सगळ्यात मोलाचं काम हेच.

किलरॉय्झ हा लॉस एंजेलिसमध्ये सुरू झालेला नाटककार-निर्मात्यांचा गट. २०१४ च्या पहिल्या यादीत ४६ नाटकं होती, एकही प्रयोग न झालेली किंवा फारच कमी झालेली. वर्षभर नवी नाटकं वाचणाऱ्या जाणकारांकडून शिफारसी मागवल्या आणि यादी सर्वांसाठी खुली केली. ‘बायकांची चांगली संहिताच मिळत नाही’ ही नाट्यसंस्थांची सबब त्यामुळे लंगडी पडली. खोट एवढीच की शिफारस त्याच नाटकाची होते जे आधी कुणाच्या तरी टेबलावर पोचलंय. ओळखीपाळखी नसलेली लेखिका इथेही बाहेरच.

पैसे थोडे असतील तर यादी करा, स्मृतिचिन्हं नकोत. मात्र संहिता कुणाकडे मागायची, ते प्रत्येक नावापुढे लिहा.